दोन प्यादी, एकेक घर

डाव सुरू होऊन मिनिटही झालं नसेल, तोच पहिल्या पटावरच्या काळ्या बाजूच्या मुलीनं घड्याळ थांबवलं आणि हात वर केला. खिडकीच्या गजाला नाक लावून उभ्या असलेल्या भारतला आधी वाटलं, तिला पाणी हवं असेल. मग पंच उज्ज्वला मॅडम उठल्या, चपला वाजवत आल्या, पटावर वाकल्या आणि त्यांनी संघमित्राकडे, म्हणजे भारतच्या मुलीकडे, असं बघितलं की पाण्याचा प्रश्न मिटला. पट खिडकीपासून हातभर लांब होता आणि भारतला तो कडेनं दिसत होता, पांढरं सैन्य उजवीकडे, काळं डावीकडे. पांढऱ्यांच्या रांगेतून दोन प्यादी पुढं आलेली होती. राजासमोरचं एक घर, वजिरासमोरचं एक घर. काळ्यांची रांग अजून जशीच्या तशी. एकाच खेळीत दोन प्यादी सरकवून पोरीनं घड्याळ दाबलं होतं. भारत घाबरला, आणि त्या भीतीच्या मागोमाग, अगदी तिला खेटून, दुसरंच काहीतरी वर आलं. त्याला नाव देणं त्यानं तूर्तास टाळलं.

ही चूक त्या हॉलमधल्या दुसऱ्या कुठल्याच मुलीच्या हातून झाली नसती. बाकीच्या सगळ्या मोबाईलवर नाहीतर क्लासात शिकलेल्या. पहिल्या खेळीला प्यादं दोन घरं धावतं, आणि ते एकच असतं, हे त्यांच्या बोटांना जन्मापासून माहीत असल्यासारखं. भारतच्या गावी, चकलांब्याच्या पारावर, मात्र डाव असाच सुरू व्हायचा. पहिल्या पाळीला दोन प्यादी, एकेक घर. समोरच्यानंही दोन, एकेक घर. तसं का, हे कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही. दोन घरं उडी मारणारं प्यादं तिथं कुणी पाहिलं नव्हतं, कारण घाई कुणालाच नव्हती. राजाला मात्र डावात एकदा, शह बसायच्या आत, घोड्यासारखी अडीच घरांची उडी घ्यायची मुभा असायची, आणि ती उडी कधी घ्यायची यावर म्हाताऱ्यांचं आपसांत दिवसभर वाजायचं. हा सगळा खेळ भारतनं डोक्यात भरून गावाबाहेर आणला आणि केजला, दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात, एकुलत्या एका पोरीच्या हातात घातला. आता अंबाजोगाईला, जिल्हा निवड स्पर्धेच्या शेवटच्या फेरीत, पंधरा वर्षांखालच्या गटाच्या पहिल्या पटावर, तो तिच्या हातातून बाहेर आला होता.

मॅडमनी दोन्ही प्यादी उचलून जागेवर ठेवली. काळ्या बाजूच्या मुलीच्या घड्याळात दोन मिनिटं वाढवली. मग संघमित्राच्या तोंडासमोर एक बोट धरलं. आवाज खिडकीपर्यंत आला नाही, तरी भारतला सगळं कळलं. हॉलच्या दारावर चिकटवलेली नियमांची पत्रिका त्यानं सकाळीच वाचून काढली होती. तहसील कचेरीत अव्वल कारकुनी करणाऱ्या माणसाला दारावरचा कागद न वाचता दारातून आत जाता येत नाही. पहिली बेकायदा खेळी, समोरच्याला जादा वेळ. दुसरी बेकायदा खेळी, डाव गेला. आणि हा डाव गेला तर पुण्याची राज्य स्पर्धा गेली, कारण जिल्ह्यातून दोनच मुली जाणार होत्या आणि संघमित्राला जायचं तर आज जिंकायलाच हवं होतं. बरोबरी चालणार नव्हती. वर्षभर ती पहाटे उठून नवनाथ सरांच्या बुद्धिबळाच्या क्लासला जात होती ती ह्याच दिवसासाठी. आता पहिल्या मिनिटाला तिनं आपल्या हातानं दोर अर्धा कापून ठेवला होता. पोर मान खाली घालून बसली होती. बापानं काळजी करावी, देवाला नसलं तरी कुणाला तरी हात जोडावेत, अशी ही वेळ. आणि भारतला आनंद झाला होता. ते खेटून वर आलेलं म्हणजे हा आनंद. लपवायला जागा नव्हती.

तो स्वतःशीच शरमला, पण खिडकी काही सोडली नाही. पुढच्या सगळ्या खिडक्यांतून मॅडमनी पालकांना केव्हाच हाकललं होतं. ‘मुलींचं लक्ष जातं’ असं म्हणत त्यांनी पडदेसुद्धा ओढून घेतले होते. ही मागची, पाण्याच्या टाकीजवळची खिडकी बिनपडद्याची, आणि ती शोधून काढायला भारतला वेळ लागला नाही. बाहेर उभं राहून आतलं बघायची जागा त्याला कुठंही सापडते, हा त्याचा जुना गुण. चकलांब्याला पारावर शिवशंकर अण्णा आणि बद्रीनाथ गुरव समोरासमोर बसायचे आणि मधे कापडाचा पट असायचा. भारत खाली, पाराच्या कडेला उभा. वर चढायचं नाही हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि चढायचं असतं हेही कुणी सांगितलं नव्हतं. तो रोज शाळा सुटली की यायचा आणि कडेनं बघायचा. एकाचे हत्ती उजवीकडून निघायचे, दुसऱ्याचे डावीकडून. दुपार कलली की ऊन त्याच्या पाठीशी यायचं, आणि मग अण्णा पटावरून मान वर न करता म्हणायचे, “सावली हटव बे. पटावर पडायलीय.” तो सरकायचा. थोड्या वेळानं ऊन सरकायचं, पुन्हा सावली, पुन्हा “हटव बे.” अण्णांना नीट दिसत नव्हतं म्हणून ते तसं म्हणत, की दुसरं काही होतं, याचा भारतनं पुढं बराच विचार केला. कधी वाटायचं, म्हाताऱ्याचे डोळे अधू होते, उगाच कशाला पाप जोडायचं त्याच्या माथी. कधी वाटायचं, गुरवाचा पोरगाही तिथंच उभा राहायचा, त्याची सावली कधी पडल्याचं आठवत नाही. कधी त्याला वाटायचं, हे आईला विचारावं. पण आई, सिंधुबाई, पोराला पारावर जाऊच नको म्हणणारी. तिला विचारलं असतं तर उत्तर ठरलेलं. निकाल लागला नाही, आणि आता अण्णाही नाहीत. भारतला वाईट फक्त एवढ्याचंच वाटायचं की प्रत्येक वेळी सरकताना डाव ऐन रंगात असायचा.

पुढं शिकायला तो ह्याच अंबाजोगाईत आला, वसतिगृहात राहिला, आणि तिथं पहिल्यांदा पटासमोर बसला. बसला खरा, पण त्याला काहीच दिसेना. सोंगट्या त्याच, घरं तीच, पण समोरून बघितल्यावर सगळं अंगावर आल्यासारखं. उंट कुठून कुठं जाणार ते कळेना. शेवटी तो उठून कडेला जाऊन बसला आणि तिथून हात लांब करून खेळू लागला. खोलीतला म्हाळू पोट धरून हसला. “सरळ बस की बे! कडेनं कावून बघतो? पत्त्याचा डाव हाय का ह्यो?” भारतही हसला होता. पण म्हाळूला कडेनं खेळून त्यानं तीनदा मात दिली, आणि त्यानंतर त्याची जागा कडेचीच ठरली. अजूनही तो तिरकाच बसतो. घरी दाराच्या उंबऱ्यावर, पाठ उजेडाकडे करून. आता इथं गजाला धरून उभा असताना त्याच्या लक्षात आलं की आत बसलेल्या पोरीपेक्षाही आपल्याला हा पट जास्त नीट दिसतोय.

उंबऱ्यावरच संघमित्रा शिकली. दुधाचे दात पडायचे होते तेव्हापासून. भारत कचेरीतून आला की चहा नंतर, आधी पट. बायको, वनिता, आतून ओरडायची, “आधी पाय तर धुवा,” आणि बापलेकीची दोन दोन प्यादी तोवर पुढं गेलेली असायची. ती हरली की रडायची, जिंकली की आईला सांगायला पळायची, आणि बघता बघता रडायची वेळ भारतवर आली. शाळेच्या स्पर्धेत ती पहिली आली तेव्हा नवनाथ सर स्वतः घरी आले. भला माणूस, फी कमी घेणारा, तळमळीचा. त्यांनी उंबऱ्यावरचा डाव उभ्या उभ्या पाहिला आणि मग भारतला बाजूला घेतलं. “भारतराव, राग मानू नका. पोरगी लई पुढं जाईल. पण हे घरचं खेळणं बंद करा. डोक्याला कळतं, पण हाताला वळण लागतं. हात ऐनवेळी दगा देतो.” भारतनं मान डोलावली. त्याला पटलंच होतं. त्या संध्याकाळी पट कपाटावर गेला, आणि त्यावर हळूहळू वनितानं गोधड्या ठेवल्या. वर्ष झालं त्याला. संध्याकाळी कचेरीतून आल्यावर तो आता आधी पाय धुतो. आतल्या खोलीत पोरगी मोबाईलवर कुठल्या कुठल्या परदेशी नावांच्या ओपनिंगा घोकत असते, इटालियन म्हणे, लंडन म्हणे, आणि तो ऐकत चहा पितो. त्याच्या ओपनिंगला नाव नव्हतं. नाव नसलेली गोष्ट गेली म्हणून तक्रार तरी कुठं करणार? त्यानं केली नाही. फक्त वर्षभर त्याला वाटत राहिलं की आपण पोरीच्या अंगातून पुसले गेलो. आज कळलं की नव्हतो. तो आनंद होता. पोरीचं नुकसान होऊन झालेला, पण आनंदच.

आत मॅडम निघून गेल्या आणि घड्याळ पुन्हा सुरू झालं. हात लावलेलं पहिलं प्यादं हलवणं संघमित्राला भाग होतं, राजासमोरचं. ते आता नियमानं दोन घरं जाऊ शकत होतं, आणि सरांनी शिकवलेल्या प्रत्येक डावात ते दोन घरं जायचं. तिनं ते एक घर सरकवलं. समोरच्या मुलीनं आपलं प्यादं दोन घरं पुढं आणून मधोमध उभं केलं. संघमित्रानं वजिरासमोरचं प्यादं हलवलं. एक घर. पट आता तसाच झाला होता जसा मॅडमनी मोडला होता. दोन प्यादी, एकेक घर. पोरीनं चूक केली, शिक्षा घेतली, आणि मग तीच चूक दोन हप्त्यांत, कायद्यात बसवून, पुन्हा करून दाखवली. भारतला मोठ्यानं हसावंसं वाटलं. शाबास, त्यानं मनात म्हटलं, आणि गजावरची पकड घट्ट केली. मग समोरच्या मुलीचं दुसरं प्यादं आलं. मग तिचा घोडा, मग उंट. काळ्या सोंगट्या धडाधड येऊन मधली घरं बळकावत होत्या, आणि पांढऱ्यांची फौज त्या दोन प्याद्यांच्या कुंपणाआड गर्दी करून बसलेली. पारावर हे चालायचं, कारण समोरचाही तसाच सावकाश यायचा. इथं समोरची सावकाश येत नव्हती. भारतचं हसू पोटातच राहिलं.

तेवढ्यात संघमित्रानं नजर हलवली. खिडकीकडे नाही. पटावर, तिच्या बाजूला, जिथं राजा उभा होता, तिथं बघितलं, मग हळूच नजर तिरकी करत खिडकीकडे आणली आणि पुन्हा पटावर नेली. भारतनं तिच्या नजरेमागं बघितलं. दुपार कलली होती. ऊन त्याच्या पाठीशी आलं होतं. त्याचं डोकं आणि एक खांदा, गजांच्या रेघांसकट, पांढऱ्या सोंगट्यांवर पसरले होते. राजा, वजीर, ती दोन प्यादी, सगळी त्याच्या सावलीत. उंबऱ्यावर अशीच पडायची. वर्षानुवर्षं रोज संध्याकाळी ह्याच आकाराची सावली ह्याच सोंगट्यांवर पडली होती, आणि त्या सावलीत पोरीनं दोनच प्यादी, एकेक घर, सरकवली होती. डाव सुरू झाला तेव्हाही ती इथंच असणार. हाताला वळण लागतं म्हणाले होते सर. हात बिचारा काय करेल? त्याला वाटलं, घरीच बसलोय.

भारत पटकन खाली बसला. टाकीजवळच्या ओल्या फरशीवर, कचेरीची पॅंट घालून, उकिडवा. काही क्षण बसल्यावर त्याला वाटलं, आता जरा डोकवावं, डोकं वर न काढता, कडेनं. थोडं वर झाला. पट दिसला, आणि पटावर कपाळाची काळी कड दिसली. पुन्हा बसला. हे फारच हास्यास्पद होतं. जाणं सोपं होतं. उठायचं आणि चालू लागायचं. पण डाव ऐन रंगात आला होता. पोरीचा राजा अजून मधेच अडकलेला, त्याच्यासमोर फळी उघडत चाललेली, आणि पारावरचा कुणीही म्हातारा ह्या घडीला म्हणाला असता, घे उडी! अडीच घरं, आणि राजा सुखरूप. तिच्या हातालाही ती उडी माहीत होती. ती घेतली की दुसरी बेकायदा खेळी, आणि सगळं संपलं. भारतला दिसलं, तिचा हात राजाकडे निघाला आहे. हवेतच थांबला आहे. सावली नेमकी त्या हातावर होती, म्हणजे तो पुन्हा कधीतरी उभा राहिला होता. आयुष्यभर लोकांनी सरक म्हटलं आणि तो सरकला. आज कुणी म्हणत नव्हतं. कुणी म्हणालं असतं तर बरं झालं असतं, निदान राग तरी धरता आला असता. तो वळला आणि मागं न बघता मैदान ओलांडून गेला. हात राजावर टेकला की नाही, हे त्यानं पाहिलं नाही.

मैदानाच्या दुसऱ्या टोकाला मोटारसायकली लावल्या होत्या. तिथल्या लिंबाखाली काळ्या सोंगट्या खेळणाऱ्या मुलीची आई बसली होती, रूपाली मॅडम, इथल्याच एका डॉक्टरांच्या पत्नी. सकाळी ओळख झाली होती. त्यांनी चटईवर जागा करून दिली. “बघत नाही का तुम्ही? आमची राजनंदिनी तर म्हणते, मम्मी, तू दिसलीस की मला घाम फुटतो.”

“बघून झालं,” भारत म्हणाला.

“काय परिस्थिती?”

“तुमची पुढं हाय.”

त्या मनापासून खूश झाल्या आणि तितक्याच मनापासून त्यांना संकोच वाटला. त्यांनी त्याला डब्यातला चिवडा दिला. भारतनं तो खाल्ला. तोंडाला चव नव्हती, पण नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. हॉलची इमारत समोर होती, तिच्या भिंती, पडदे ओढलेल्या खिडक्या, आणि आतलं काहीही दिसत नव्हतं. अण्णांच्या पटापासूनसुद्धा इतक्या लांब तो कधी थांबला नव्हता. त्यानं मनात पट मांडायचा प्रयत्न केला, पण मनातला पट कडेनं दिसत होता आणि पोरीचा हात दरवेळी राजाकडे जाऊन थांबत होता. पुढचं त्याला येईना. तेव्हा त्यानं मनातल्या सोंगट्या गोळा करून ठेवून दिल्या आणि समोरच्या मोटारसायकलींचे नंबर वाचत बसला. रूपाली मॅडम जावयाच्या घरी बोलावं तसं हळू आवाजात फोनवर बोलत राहिल्या. ऊन आणखी उतरलं.

मुली बाहेर येऊ लागल्या तेव्हा राजनंदिनी आधी आली. तिचे डोळे लाल होते, आणि ती सरळ आईच्या कुशीत शिरली. भारतला त्या मुलीबद्दल खरंच वाईट वाटलं, आणि त्या वाईटाच्या पाठोपाठ त्याची नजर दाराकडे धावली. मागून संघमित्रा आली. पाठीला दप्तर, चेहरा कोरा. परीक्षेचा पेपर देऊन आल्यासारखा.

“काय झालं ग?”

“जिंकले. निवड झाली.” मग म्हणाली, “भूक लागली.”

भारतनं तिला जवळ घेतलं नाही, रूपाली मॅडमसमोर ते बरं दिसलं नसतं. त्यानं फक्त दप्तर आपल्याकडे घेतलं. रस्त्यानं स्टँडकडे चालताना ती भजी खात होती आणि तो तिच्या अर्धं पाऊल मागं. बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं, जणू सहज, “प्यादं दोन घरं कावून न्हाई टाकलं मग?”

“हात आखडला.” तिनं बोटं चाटली. “तुमी बघायलते ना. तुमच्यासमोर दोन घरं टाकावं वाटंना. कसंतरीच वाटलं.”

“दिसलो व्हय मी?”

“सावली दिसली.” तिनं घास गिळला. “मग सावली गेली. मग मी सरांचं कॅसलिंग केलं, राजा हत्तीआड. मग खेळले.”

तिच्या बोलण्यात रागही नव्हता आणि लाडही नव्हता. झालं ते तिनं सांगितलं. भारतला ते लागलं. खूप लागलं, आणि त्याच जागी अभिमानही वाटला. त्यातलं जास्त काय होतं हे त्याला ठरवता येईना. केजची जीप भरायची होती, मागच्या बाकावर दोघं जाऊन बसले, ती आत, तो खिडकीशी. ड्रायव्हर खाली उभा राहून “केज, केज” करत होता. संघमित्रानं पाय पसरले आणि अचानक त्याच्याकडे तोंड करून म्हणाली, “पप्पा, घरी गेल्यावर एक डाव टाकू. आपला. दोन प्याद्यांचा. सर कुठं बघायलेत.”

वर्षभर तो ह्याच वाक्याची वाट बघत होता. कपाटावरच्या गोधड्या कशा उतरवायच्या, हेसुद्धा त्यानं मनात ठरवून ठेवलेलं.

“नको,” तो म्हणाला.

“कावून?”

“राज्याला जायाचंय तुला. हाताला वळण लागतं.”

सरांचं वाक्य आपल्या तोंडून इतकं सरळ बाहेर पडेल असं त्याला वाटलं नव्हतं. पोरगी त्याच्याकडे बघत राहिली. “तुमाला करमतं का पर?”

“मला काय हुतंय. कचेरीत लई कामं हायेत.”

तिनं डोकं बाकाच्या पाठीला टेकवलं आणि डोळे मिटले. सूर्य पार खाली आला होता, खिडकीतून आडवा आत येत होता, आणि भारतची सावली तिच्या तोंडावर, गळ्यावर, मांडीवरच्या भज्यांच्या कागदावर पडली होती. त्याच्या ते ध्यानात आलं तसा तो सवयीनं पुढं सरकला, बाकाच्या कडेवर, अंग चोरून. संघमित्रानं डोळे न उघडता चाचपडत त्याच्या शर्टाची बाही धरली आणि त्याला होता तिथं मागं ओढलं.

“बसा की नीट,” ती म्हणाली. “ऊन लागायलंय मला.”